रांग आणि पाळी

आमच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागात एक जुना संगणक आहे. विभाग म्हणजे खोली एकच. तीत तीन टेबले, दोन लोखंडी कपाटे, मराठी भाषा गौरव दिनाचे उतरवायचे राहून गेलेले फलक आणि खिडकीपाशी हा संगणक. त्याच्या पोटातील हार्ड डिस्क फिरत्या तबकडीची, म्हणजे जुन्या जातीची. पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्यांनी गेल्या बारा-तेरा वर्षांत श्रीगोंदे तालुक्यातील गावांत फिरून केलेली ध्वनिमुद्रणे येथे साठवली आहेत: जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, शेतीच्या अवजारांची नावे, शेख महंमदबाबांच्या स्थानाविषयी वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी. संशोधन म्हणावे इतकी शिस्त या संग्रहाला नाही. परंतु त्यातले निम्म्याहून अधिक आवाज आज हयात नाहीत, एवढ्या एका कारणाने मी त्या डिस्कला जपते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. बाहेरून जोडायच्या एका डिस्कवर पडून असलेली मुद्रणे मी या संगणकावर उतरवून घेत होते. काम मोठे होते, दोन-तीन तास चालणारे. तेवढ्यात एक विद्यार्थिनी आली. तिला तिच्या प्रकल्पाचे एक पान हवे होते. जेमतेम दोन पानांची फाईल. तिने ती उघडायला सांगितली आणि पडद्यावरचे ते छोटे चक्र फिरत राहिले. एक मिनिट, दोन मिनिटे, चार मिनिटे. मुलगी अवघडून उभी. "राहू द्या मॅडम, नंतर येते," असे म्हणून ती गेली. ती गेल्यानंतर केव्हातरी फाईल उघडली.

योगायोगाने त्याच आठवड्यात एक माजी विद्यार्थी भेटायला आला. विज्ञान शाखेचा, पण मराठी दुसरी भाषा म्हणून घेतलेला आणि तासाला बसणारा. आता तो पुण्यात माहिती साठवण्याच्या प्रणालींवर काम करणाऱ्या एका कंपनीत आहे. (पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे, व्हेरिटाससारख्या कंपनीचे विकासकेंद्र तेथे अनेक वर्षे होते.) त्याला मी सहज तक्रार सांगितली. "डिस्क म्हातारी झाली असेल," असे माझे निदान होते. तो हसला आणि म्हणाला, "डिस्क म्हातारी आहेच मॅडम, पण दोष तिचा नाही. तिच्यासमोर रांग कशी लावलीय ते बघू."

त्याने काळी खिडकी उघडली. आमच्या संगणकावर लिनक्स आहे. त्या प्रणालीचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो प्रत्येक डिस्कसाठी विनंत्यांची एक रांग राखतो. कोणताही कार्यक्रम थेट डिस्ककडे जात नाही. तो कर्नलकडे अर्ज करतो, की मला अमुक ठिकाणचा मजकूर वाचायचा आहे, किंवा तमुक ठिकाणी लिहायचा आहे. कर्नल ते अर्ज जमा करतो, त्यांचा क्रम लावतो आणि मग डिस्ककडे पाठवतो. हा क्रम कोणत्या नियमाने लावायचा, हे सांगणारी एक लहानशी फाईल असते. ती त्याने उघडून दाखवली. तीत तीन-चार शब्द एका ओळीत होते आणि त्यांपैकी एका शब्दाभोवती चौकटी कंस होता. "कंसात आहे तो चालू नियम," तो म्हणाला. कंसात शब्द होता 'नन', म्हणजे कोणताच नियम नाही. कोणी तरी कधी तरी नव्या जातीच्या डिस्कसाठी दिलेला सल्ला वाचून तो आमच्या जुन्या डिस्कला लावून ठेवला होता.

मी मराठीची अध्यापिका. मला यातले तांत्रिक काही कळण्याचे कारण नव्हते. परंतु 'रांग', 'अर्ज', 'नियम नाही' हे शब्द ऐकल्यावर मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. श्रीगोंदे तालुक्यात वाढलेल्या माणसाला रांग हा विषय नवा नसतो.

त्याने जे समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत मांडते. फिरती तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. तिच्यावर ग्रामोफोनच्या सुईसारखे एक टोक सरकत असते. मजकूर तबकडीवर दूरदूर विखुरलेला असेल, तर टोकाने आधी तिथवर सरकायचे, मग तबकडीचा योग्य भाग खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचे, मग वाचायचे. या जाण्यायेण्यात सेकंदाला जेमतेम पाऊणशे-ऐंशी उड्या होतात. तोच मजकूर सलग असेल, तर तीच डिस्क सेकंदाला शंभर मेगाबाइटहून अधिक वाचते. दोहोंतील अंतर काही शे पटींचे आहे. तेव्हा शहाण्या कारभाऱ्याने काय करावे? जवळजवळच्या विनंत्या एकत्र जोडाव्यात, उरलेल्या जागेच्या क्रमाने लावाव्यात आणि टोकाला एका दिशेने शांतपणे सरकू द्यावे. लिफ्ट जशी वर जाताना वाटेतले मजले घेत जाते, तसे. म्हणूनच या पद्धतीला त्या शास्त्रात उद्वाहकाचे नाव मिळाले आहे.

आमच्या गावात लिफ्ट नव्हती. परंतु हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. ऊसतोडीची टोळी याच नियमाने चालते.

ज्यांना हा भाग अपरिचित असेल त्यांच्यासाठी थोडे सांगते. शेतकरी लागण केली की कारखान्याच्या गट कार्यालयात उसाची नोंद करतो. नोंदीवर तारीख पडते. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू हंगामातली जानेवारी-फेब्रुवारीची, मग खोडवा. गळीत सुरू झाले की या नोंदींच्या क्रमाने तोड मिळावी, असा नियम. तोड मिळाल्याची चिठ्ठी चिटबॉय देतो. हा झाला कागदावरचा क्रम, तारखांचा. पण तोडणारी टोळी माणसांची असते, बैलगाड्यांची असते. ती एका शिवारात उतरली की शेजारचे फड एकामागून एक तोडत जाते. एका फडासाठी कोसभर पलीकडे जायचे, पुन्हा परत यायचे, यात दिवस मोडतो, बैल थकतात, गव्हाणीला ऊस कमी पडतो. म्हणून जागेचा क्रम तारखेच्या क्रमावर मात करतो. यात कोणाचे वाईट करण्याचा हेतू असायलाच हवा असे नाही. टोळी आपली पायपीट वाचवते, एवढेच.

१९९१-९२ च्या गळीत हंगामात मी सातवीत होते. आमचा दोन एकरांचा फड ओढ्यापलीकडे, एकटा. त्याच्या कडेने सगळी जिराईत रानं. वडिलांची नोंद पूर्वहंगामी उसाची, ऑक्टोबरातली. गावातल्या कितीतरी नोंदींच्या आधीची. डिसेंबरात तोड येईल असा हिशेब होता. डिसेंबर गेला. जानेवारीत टोळी ओढ्याच्या अलीकडे आली, तिथले सगळे फड तोडले आणि पुढच्या शिवारात गेली. दर सोमवारी वडील गट कार्यालयात जाऊन येत. कार्यालयातला माणूस सभ्य होता. तो वही उघडे, बोट ठेवून नोंद दाखवी आणि म्हणे, "तुमचा नंबर आहे की. लागला की येईल टोळी." तो खोटे बोलत नव्हता. नंबर होताच. मार्चमध्ये उसाला तुरा आला. कांडी आतून पोकळ पडू लागली. एप्रिलच्या शेवटी टोळी आली तेव्हा फडातून निघालेल्या उसाने वजनकाट्यावर वडिलांना मान खाली घालायला लावली. आई त्या दिवसांत एकदा म्हणाली होती, "नंबर आहे आपला, पण आपण कुणाच्या वाटंवर नाही." तो कारखाना कोणता, हे सांगण्याचे येथे कारण नाही; ती गोष्ट कोणत्याही कारखान्याची होऊ शकते.

त्या दिवशी विभागात बसून मी माझ्या माजी विद्यार्थ्याला ही हकीकत सांगितली. तो गंभीर झाला. म्हणाला, "मॅडम, अगदी हेच घडलं होतं. २.४ क्रमांकाच्या लिनक्समध्ये." त्या काळच्या कर्नलमध्ये मुख्यतः जागेचा क्रम पाहणारी व्यवस्था होती. तबकडीच्या एका भागात सलग विनंत्यांचा ओघ सुरू राहिला, तर दूरच्या भागातली एखादी एकटी विनंती ताटकळत पडे. नव्या विनंत्या तिच्या पुढे घुसत, कारण त्या वाटेवरच्या असत. या स्थितीला त्या शास्त्रात उपासमार असा शब्द आहे. मला तो शब्द अतिशय नेमका वाटला. उपासमारीत कोणी हातातला घास हिसकावून घेत नाही. फक्त घास येत नाही.

यावर उपाय म्हणून जेन्स ॲक्सबो या डॅनिश प्रोग्रामरने जी रचना केली ती २.६ क्रमांकाच्या कर्नलमध्ये, २००३ च्या डिसेंबरात, सर्वांपर्यंत पोहोचली. तिचे नाव 'डेडलाइन', म्हणजे मुदत. तिची युक्ती साधी आहे. प्रत्येक विनंती दोन ठिकाणी नोंदवायची: एका यादीत जागेच्या क्रमाने, दुसऱ्या यादीत येण्याच्या क्रमाने. एरवी पहिल्या यादीप्रमाणे चालायचे, पायपीट वाचवायची. परंतु मधूनमधून दुसऱ्या यादीच्या तोंडाशी असलेल्या, सर्वांत जुन्या विनंतीकडे पाहायचे. तिची मुदत उलटली असेल, तर हातातला ओघ सोडून तिथे जायचे आणि तिथून पुढे चालू लागायचे. ओढ्यापलीकडे जायचे.

येथे मला माझ्या विषयातले काहीतरी सापडले. आपल्या भाषेत या दोन याद्यांना दोन वेगळे शब्द आहेत. रांग आणि पाळी. रांग मुळात जागेची असते: घरांची रांग, झाडांची रांग, डोंगरांची रांग. डोंगरांच्या रांगेत पहिला कोण आला, असे आपण विचारत नाही. पाळी काळाची असते: दिवसपाळी, रातपाळी, "आता तुझी पाळी". कालव्याच्या पाण्यालाही आपण पाळीच म्हणतो. कुकडीच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या या मुलुखात 'शेजपाळी' हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. शेज म्हणजे शेजार, जागा. पाळी म्हणजे वेळ. दोन्ही क्रम एकाच शब्दात बांधलेला इतका पूर्ण पारिभाषिक शब्द आपल्या पाटबंधाऱ्यांच्या व्यवहारात तयार झाला आणि मराठीच्या अभ्यासक्रमाने त्याची कधी दखल घेतली नाही. तेथेही अनुभवाने आलेला एक नियम आहे: चारीला पाणी सोडले की आधी शेपटाला द्यावे, मग मुखाकडे यावे. कारण मुखापाशी बसलेल्याला पाणी केव्हाही मिळते. शेपटाकडच्याला नियमाशिवाय कधीच मिळत नाही. नियम पाळला जातो की नाही हा वेगळा प्रश्न. पण ज्याने नियम केला त्याला शेपटाकडचा माणूस दिसला होता.

पंढरपूरला जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. तेथे पदस्पर्श-दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. ज्याला थोडेच हवे आहे, त्याला फार हवे असणाऱ्याच्या मागे उभे करू नये, हा तो विचार. आणि नेमका हाच प्रश्न आमच्या संगणकावर त्या दिवशी निर्माण झाला होता. एकीकडे लिहिण्याचा अखंड लोंढा, दुसरीकडे दोन पानांचे वाचन.

'मुदत' या रचनेतला सर्वांत सूक्ष्म भाग मला येथे भेटला. तीत वाचनाची मुदत आहे अर्धा सेकंद, आणि लेखनाची पाच सेकंद. दहापट फरक. शिवाय एरवीही वाचनाला प्राधान्य. वाचनाच्या दोन तुकड्या पुढे जाऊ द्याव्यात आणि मग मात्र लेखनाला वाट द्यावी, असा मूळ आकडा. मी अर्थातच विचारले की हा पक्षपात का? आम्हां साहित्यवाल्यांना लेखन थोर वाटते. लेखकाला हारतुरे, वाचकाला फार तर खुर्ची. त्याने दिलेले उत्तर मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवले.

लिहिणारा थांबलेला नसतो. एखादा कार्यक्रम लिहितो तेव्हा कर्नल तो मजकूर आधी स्मृतीत ठेवून घेतो आणि "झाले" असे सांगतो; कार्यक्रम पुढच्या कामाला लागतो. प्रत्यक्ष तबकडीवर अक्षर नंतर सवडीने उमटते. (लिहिलेले खरोखर उमटले आहे याची खात्री ज्याला हवी असेल, त्याला ती वेगळी मागावी लागते. हेही अर्थपूर्ण आहे.) वाचणारा मात्र थांबलेला असतो. हवी ती ओळ हाती आल्याशिवाय त्याला पुढे पाऊल टाकता येत नाही. कारण पुढे काय वाचायचे, हे बहुधा त्या ओळीतच लिहिलेले असते. एक फाईल उघडायची म्हणजे अशा छोट्या छोट्या वाचनांची साखळी. प्रत्येक कडी आधीच्या कडीवर अवलंबून. प्रत्येक कडी त्या लोंढ्यामागे काही सेकंद ताटकळली, की चार मिनिटे होतात. आणि एक मुलगी "नंतर येते" म्हणून निघून जाते.

त्याच २.६ मालिकेत आणखी एक रचना होती. तिचे तत्त्व अमेरिकेतील राइस विद्यापीठातल्या सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी २००१ मध्ये मांडले होते. एका वाचकाची विनंती पुरी केल्यावर लगेच दुसरीकडे धावू नये. काही मिलिसेकंद हातावर हात ठेवून थांबावे. कारण वाचणारा बहुधा लागूनचे पुढचे काही मागणार असतो. त्याला फक्त ते वाचून विचार करायला क्षणभर हवा असतो. त्या रचनेचे नाव 'अपेक्षा' या अर्थाचे होते. काम पडलेले असताना मुद्दाम रिकामे बसणे, आणि त्याने एकूण काम वाढणे! वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर मी किती मिलिसेकंद थांबते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. २०१० मध्ये ती रचना कर्नलमधून काढून टाकली गेली. तिचे काम इतर रचना करू शकत होत्या.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००६ पासून बराच काळ सर्वांना समान वाटा देऊ पाहणारी एक रचना बहुतेक ठिकाणी चालू होती. मग फिरत्या तबकड्यांच्या जागी घन स्मृतीच्या डिस्क आल्या. त्यांत सरकणारे टोकच नाही, त्यामुळे जागेच्या क्रमाला अर्थ उरला नाही. उलट एकाच रांगेच्या दाराशी अनेक प्रोसेसरांची गर्दी होऊ लागली. २०१३ मध्ये ॲक्सबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग देणारी व्यवस्था मांडली आणि २०१४ च्या जानेवारीत ती कर्नलमध्ये आली. मार्च २०१९ मध्ये, ५.० या आवृत्तीत, जुनी एका रांगेची व्यवस्था पुरती निघाली. आजच्या एनव्हीएमई जातीच्या डिस्कला तिच्या विनिर्देशाप्रमाणे ६५,५३५ रांगा असू शकतात. अशा डिस्कसाठी 'कोणताच नियम नको' हा सल्ला पुष्कळदा बरोबर असतो. जिथे कोणालाच थांबावे लागत नाही, तिथे नियम हा भार होतो. चूक एवढीच झाली होती, की भरपूर असलेल्यांसाठी दिलेला सल्ला टंचाईत राहणाऱ्याला लावला गेला. नियम काढून टाकला की सर्वांना मोकळीक मिळते, हे सुबत्तेतले सत्य आहे. टंचाईत ती मोकळीक लोंढ्याला मिळते.

माझ्या विद्यार्थ्याने आमच्या डिस्कसाठी 'बीएफक्यू' नावाचा नियम निवडला. २०१७ च्या जुलैमध्ये कर्नलच्या ४.१२ या आवृत्तीत आलेली ही रचना मुख्यतः पाओलो व्हालेन्ते या इटालियन संशोधकाच्या नावाशी जोडलेली आहे. पडद्यासमोर बसलेल्या माणसाच्या छोट्या कामांना ती ओळखू पाहते आणि पुढे घेते. मोठ्या नकलेच्या कामाला त्याने सवडीच्या वर्गात टाकले, म्हणजे इतर कोणी मागत नसेल तेव्हाच त्याने चालावे. रांगेत एका वेळी किती विनंत्या मावाव्यात याचाही एक आकडा असतो. तो वाढवला तर एकत्र जोडायला अधिक विनंत्या मिळतात आणि एकूण काम वाढते, पण आत शिरलेल्या प्रत्येकाची प्रतीक्षाही लांबते. तो आकडा त्याने तसाच राहू दिला. "आधी एकच गोष्ट बदलायची, मोजायची, मग दुसरी," असे तो म्हणाला. केलेला बदल संगणक बंद केल्यावर पुसला जातो, म्हणून तो कायम राहावा यासाठी त्याने वेगळ्या जागी दोन ओळी लिहून ठेवल्या. मग नकलेचे काम पुन्हा सुरू करून त्याने तीच दोन पानांची फाईल उघडली. तीन-चार सेकंद लागले. डिस्क तीच, तेवढीच म्हातारी. नकलेला मात्र पूर्वीपेक्षा अर्धा तास अधिक लागला. फुकट काहीच मिळाले नव्हते.

जाताना मी त्याला विचारले, की त्या अर्ध्या सेकंदाच्या मुदतीत वाचन होईलच ना? तो म्हणाला, "नाही मॅडम. मुदत म्हणजे हमी नव्हे. मुदत उलटली की तिच्याकडे बघितलं जाईल, एवढंच."

हे वाक्य घेऊन मी घरी गेले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्या दोन लोखंडी कपाटांपैकी उजवीकडच्या कपाटात एक वही होती.

सहा वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने ती मला दिली होती. त्याचे आईवडील ऊसतोडीला बीड जिल्ह्यातून या बाजूला येत. पुढे ते येथेच राहिले. त्याने आपल्या आजीच्या तोंडचे शब्द, ओव्या, तळावरच्या गोष्टी लिहून काढल्या होत्या. शंभर पानी वही, दोन्ही बाजूंनी भरलेली. "मॅडम, जमलं तर बघा," एवढेच तो म्हणाला. मी म्हणाले, "ठेव. पुढच्या आठवड्यात बघते." त्या वर्षी मूल्यांकनाच्या समितीचे काम माझ्याकडे होते. अहवाल, तक्ते, छायाचित्रे, इतिवृत्ते. ती सगळी कामे एकमेकांना लागून होती. एक संपवताना दुसरे हाताशी येई. वही वाटेवर नव्हती. त्याने तीन वेळा विचारले. तिसऱ्यांदा विचारताना तो दारातच उभा राहिला, आत आला नाही. नंतर त्याने विचारले नाही. परीक्षा देऊन तो गेला आणि मी, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखी झाले.

मी त्याला कधी नाही म्हटले नव्हते. त्याचा नंबर होता. गट कार्यालयातल्या त्या सभ्य माणसासारखी मीही बोट ठेवून नोंद दाखवू शकले असते. लहानपणी मनातल्या मनात मी ज्याला गुन्हेगार ठरवले होते, त्याची खुर्ची केव्हा माझ्याखाली आली हे मला कळलेही नाही. आणि माझी सगळी कामे लेखनाची होती, उशीर झाला तरी कोणी खोळंबले नसते अशी. थांबलेला होता तो वाचन मागणारा.

दुसऱ्या दिवशी मी वही काढली. दोन दिवसांत वाचली. त्याचे संकलन भाबडे नव्हते. शब्द कोणत्या प्रसंगी आला, कोण कोणाला म्हणाले, हे त्याने टिपले होते. समासात जागोजागी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे होती आणि काही ठिकाणी बारीक अक्षरात: 'मॅडमना विचारणे'. मी मोजली, एकोणीस होती. त्यांपैकी अकरांचा अर्थ मी सांगू शकले असते. आठ शब्द मला माहीत नाहीत, आणि मला मिळालेल्या कोशांत ते नाहीत.

त्याचा क्रमांक मिळवायला चार दिवस लागले. तो आता चाकणला एका कारखान्यात आहे, रातपाळीला. मी नाव सांगितल्यावर तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "ती वही आहे का अजून?" मी म्हणाले, "आहे. वाचली. उशीर झाला." तो म्हणाला, "असू द्या मॅडम." त्या दोन शब्दांत राग असता तर मला बरे वाटले असते. मी त्या आठ शब्दांविषयी विचारले. आजी चार वर्षांपूर्वी गेली. म्हणजे मी पहिल्या दोन वर्षांत वही उघडली असती तर तिला विचारता आले असते. "आईला दोन-तीन माहीत असतील," तो म्हणाला. "सुट्टी मिळाली की तिला घेऊन येतो."

येथे एखाद्या सुभाषिताने लेख संपवता आला असता, परंतु सहा वर्षांच्या दिरंगाईवर सुभाषित ठेवण्याचा मला अधिकार नाही. मी एवढेच केले आहे: दर सोमवारचा पहिला मोकळा तास कपाटातल्या सर्वांत जुन्या कागदाला दिला आहे. वाटेवर असो वा नसो. त्या तासाला समितीचे काम पुढे सरकत नाही आणि त्याबद्दल मला बोलणीही बसतात. आतापर्यंत अकरा कागद निघाले. दोन अर्ज असे निघाले की त्यांचे अर्जदार कोठे आहेत याचा पत्ताच लागला नाही. ती दोन पानांची फाईल मागणारी मुलगी मात्र दिवाळीनंतर पुन्हा आली. तिला तिचे पान काढून दिले, आणि ती पुढचे काही विचारील म्हणून मी थोडी थांबले. तिने विचारले.

वही आता टेबलावर आहे. आठ शब्दांपुढची प्रश्नचिन्हे मी खोडलेली नाहीत. त्याला अजून सुट्टी मिळालेली नाही.